घरं मोजणारी मावशी

माझी मावशी घरं मोजायची. तालुक्याच्या कर कार्यालयात तिची नोकरी होती. आसपासच्या गावांत घरोघर जायचं, फीत लावून खोल्या मोजायच्या, भिंत मातीची की विटांची, छप्पर पत्र्याचं की पक्कं, घर किती जुनं, हे सगळं टिपून आणायचं. त्यावरून घराची आकारणी व्हायची आणि आकारणीवरून घरपट्टी. गावात तिला कुणी नावानं ओळखत नसे. ती दिसली की पोरं ओरडायची, "पट्टीबाई आली!" की आत पळापळ सुरू. कुणी वर जाणाऱ्या जिन्यासमोर कपाट सरकवायचं, कुणी नव्या खोलीत वैरण भरून "गोठाच आहे हो तो" म्हणायचं. एकानं तर सरळ कुत्रं सोडलं होतं.

मावशी चिडायची नाही. चिडायला अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर गुडघ्यांतच संपायचा. प्रत्येक घरी ती तेच तेच सांगायची. घर जुनं झालं की आकारणी कमी होते. पुढच्या खोलीत दुकान थाटलं तर तेवढ्या खोलीला दर जास्त. आकडा पटला नाही तर मुदतीत हरकतीचा अर्ज करा, साहेब बोलावतात, ऐकून घेतात. माणसं मान डोलवायची आणि शेवटी विचारायची, "ते सगळं खरं, पण वाढणार का?"

लग्न तिनं केलं नाही. आमच्याच घरी मागच्या खोलीत ती राहायची. संध्याकाळी आली की आई गरम पाण्याची बादली तिच्या पायाशी ठेवायची.

बसच्या शेवटच्या थांब्यावर एक गाव होतं. तिथं एक पाववाली राहायची. घराच्या पुढच्या अंगाला भट्टी, तिथंच विक्री. बाई साठीची, हात कोपरापर्यंत भाजलेले, तोंड फाटकं. मावशीला मात्र ती जीव लावायची. अख्ख्या गावात मावशीला बसायला खुर्ची देणारी ती एकटीच. त्या वर्षी तिनं भट्टीवर नवं छप्पर घातलं होतं, म्हणून मावशी मोजायला गेली. मोजून झालं. पाववालीनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आता एक काम करून टाक बाई. नाव बदल. माझं लाव."

नोंदीत नाव तिच्या भावाचं होतं. बापानं डोळे मिटण्याआधी घर मुलाच्या नावावर करून दिलं होतं. मुलगा शहरात गेला, तिकडचाच झाला. बहीण मागे राहिली. आईचं आजारपण तिनंच काढलं, गळती तिनंच बुजवली, घरपट्टीही दरवर्षी तिनंच भरली.

"असं नाही लागत नाव," मावशी म्हणाली.

"का? भरते कोण?"

"भरणारा वेगळा, मालक वेगळा. पट्टी कुणीही भरली तरी आम्ही घेतो. पावती म्हणजे पट्टी भरल्याचा पुरावा. घर तुझं झाल्याचा नव्हे."

पाववाली हसली. तिला वाटलं, सरकारी माणसं आधी नाहीच म्हणतात. मग मावशीचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या घराची पट्टी भरली?"

"भावाच्या."

"उद्या तो म्हणाला, नीघ, तर?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. तिचं काम मोजण्यापुरतंच होतं. पण ती म्हणाली, "कागदावर तरी त्याला म्हणता येईल."

पाववालीनं खुर्ची उचलली आणि आत नेली. मावशी उभीच राहिली. मग बसच्या थांब्याकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी बादलीत पाय घालून ती आईला म्हणाली, "आज एका बाईचं घर काढून घेतलं मी."

"तू कसलं काढून घेतेस? तिचं नव्हतंच ते," आई म्हणाली.

"तिला कुठं माहीत होतं? माहीत नव्हतं तोवर होतं."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा त्या गावाला गेली. आई म्हणाली, "अगं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे का तुला?" मावशीनं चपला घातल्या.

पाववाली कणीक तिंबत होती. वर न बघता म्हणाली, "आता काय मोजायचं राहिलंय?"

"भावाला फोन कर. भांडू नको. नुसतं विचार."

"काय विचारू? घर दे म्हणून? बहिणीची जीभ रेटते का असं मागायला?"

"तो गेल्यावर त्याच्या मुलांना विचारशील, तेव्हा रेटेल?"

पाववालीनं कणकेवर मूठ आपटली. पण फोन लावला. भावाशी आधी पाऊसपाणी, पोराबाळांची चौकशी, मग खाकरणं. मग एकदम बोलून टाकलं. पलीकडून भाऊ म्हणाला, "ताई, तुला कोण काढतंय? तुझं काय मध्येच?"

"कुणी काढत नाही, मग लिहून दे."

"घरात विचारून सांगतो," तो म्हणाला. पाववालीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "घरात. म्हणजे हे त्याचं घर नव्हे, ते त्याचं घर."

भाऊ आला, पण एकटा नाही. दोन्ही मुलगे होते. मुलांचं म्हणणं, जागेला आता किंमत आली आहे. तीन फेऱ्या झाल्या, एकदा रडारड, एकदा भांड्यांची आदळआपट. शेवटी ठरलं. पुढच्या दोन खोल्या आणि भट्टी ताईला, मागच्या खोल्या आणि परसू भावाला. दस्त नोंदला गेला आणि घराच्या मधून विटांची भिंत उठली. जाताना भाऊ बहिणीच्या घरी पाणीही न पिता गेला.

एका घराची दोन झाली, म्हणून पुन्हा मोजणी आली, आणि ती मावशीच्याच वाट्याला. भिंतीचा गिलावा अजून ओला होता. पाववालीनं फितीचं दुसरं टोक धरलं.

"भट्टीला धंद्याचा दर लागेल," मावशी म्हणाली. "आधी सगळं राहतं घर म्हणून चुकून चालत होतं."

"लागू दे."

"हरकत घेता येते."

"कशावर घेऊ हरकत?" पाववाली भिंतीकडे बघत म्हणाली. "ही भिंत मला नको होती. मला वाटायचं, तो कधीतरी येईल, आणि मी म्हणेन, बघ, किती नीट ठेवलंय." मावशीनं आकडे लिहिले आणि नव्या नोंदीत पाववालीचं पूर्ण नाव लिहिलं. ते तिला विचारून घ्यावं लागलं. इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

खुर्ची बाहेर आली, पण पूर्वीच्या गप्पा आल्या नाहीत. उपकार झाला की घात, हे दोघींनाही ठरवता येत नव्हतं बहुतेक.

त्यानंतर मावशीच्या सांगण्यात एक वाक्य वाढलं. "पावतीवर नाव कुणाचं आहे, ते एकदा वाचा." पुरुषांना ते आवडायचं नाही. एका सासऱ्यानं तर कार्यालयात तक्रार केली, की बाई मोजायला येते आणि घरं फोडते. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "तुमचं काम काय, बाई?" त्यांनी विचारलं. "मोजणं," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य बोलली.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यात एका घरातून ती मोजून निघाली, तेव्हा फाटकापाशी त्या घरची सून मागून धावत आली. डोक्यावरचा पदर सावरत, मागे वळून बघत तिनं हळूच विचारलं, "बाई, ते नावाचं तुम्ही आत म्हणालात ना... ते नीट सांगाल का?"

शेवटची बस निघायची वेळ झाली होती. मावशी फाटकाशेजारच्या दगडावर बसली, गुडघे दाबले आणि म्हणाली, "सांगते. आधी पाणी आण."