विवराकाठचं मैदान

चष्म्याचं दुकान चालवणारे दाजी आणि त्यांच्या बायकोचा भाऊ दरवर्षी सुट्टीत कुठल्यातरी ज्वालामुखीच्या डोंगरावर डिस्क गोल्फ खेळायला जायचे. लांबच्या टोपलीत तबकडी फेकायची, एवढाच खेळ. पण दाजी त्यासाठी वर्षभर दिवस मोजायचे. विवराच्या काठावरचं मैदान दोघांनी मिळूनच पहिल्यांदा बघायचं, असं ठरलं होतं. गेल्या वर्षी मेहुण्याची पाठ धरली, म्हणून दाजींनी बेत रद्द केला, वर त्याला शेकायची पिशवीही पाठवली.

यंदा एकदाचे दोघं तिथे पोचले. नावं लिहून घेणारी बाई मेहुण्याकडे बघून हसली. "परत आलात? गेल्या वर्षीचे मित्र कुठेत?"

मेहुणा बुटाची नाडी बांधायला वाकला.

"गेल्या वर्षी तुझी पाठ धरली होती ना?" दाजींनी विचारलं.

"दाजी, तुमच्या गुडघ्यामुळे फार थांबावं लागतं हो. एकदा मनसोक्त खेळायचं होतं."

काळ्या खडकांवरून लंगडत दाजींनी मैदानातल्या अठराही टोपल्या पुऱ्या केल्या, एकदाही न थांबता.

आता ते एकटेच जातात. "माझ्या भावाला का नेत नाही?" असं बायकोने विचारलं, की म्हणतात, "त्यालाच विचार."