ढिल्या नटांची छत्री

पंचफुलामावशी रोज संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी अंगणात जायची आणि तिथल्या टीव्हीच्या भल्यामोठ्या जाळीच्या छत्रीला खांद्याने हलकासा रेटा द्यायची. दूध काढताना म्हशीला जरा तिकडे सरक म्हणतो ना, तसा. मग तिथूनच घरात ओरडायची, "आला काय रे?" घरात शेजारचं कोणीतरी पोर टीव्हीपुढे बसलेलं असायचं. ते म्हणायचं, "नाई आला." पुन्हा रेटा. "आता?" "आला, आला!" मग मावशी पदराला हात पुसत आत यायची आणि पडद्यावरच्या पांढऱ्या झग्यातल्या माणसाला म्हणायची, "जय भीम, दादा."

तो दादा अरबीत बातम्या द्यायचा. मावशीला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पोरं हसायची तर म्हणायची, "रोज आपल्या घरात येते तो. बोला नोको त्याच्याशी?"

ही पंचफुलामावशी कामरगावची. माझी सख्खी कोणी नाही. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, एवढंच नातं. शाळेत दुपारची खिचडी ती शिजवायची. माझी आई गेली तेव्हा मी आठवीत होतो. बाबा ट्रकवर असायचे, धाकटी बहीण लहान. माझी शाळा सुटली ती सुटलीच. मी वीटभट्टीवर जाऊ लागलो. दुपारी शाळेच्या मागच्या रस्त्याने जायचो तेव्हा मान खाली घालून जायचो, मास्तरांनी पाहू नये म्हणून. एक दिवस मागच्या फाटकातून हाक आली, "ओ साहेब, इकडं या!" मावशी पातेल्याच्या तळाची खरपूस खिचडी ताटलीत काढून उभी होती. मी म्हटलं, "मावशी, माहं नाव कटलं शाळेतून." ती म्हणाली, "नाव कटलं ना? पोट तं नाई कटलं. बस खाली." त्यानंतर किती दुपारी मी त्या फाटकाशी बसून जेवलो, ते तिनेही मोजलं नाही आणि मीही नाही.

पुढे मी टाइल्स बसवायला शिकलो आणि ओमानला कामाला लागलो. दोन वर्षांचा करार. निघायच्या दिवशी मला बसमध्ये चढवताना ती रडली नाही. फक्त म्हणाली, "खुशाल हाय म्हणू नोको मले. मले त्या शब्दाचं भेव वाटते." तिचा नवरा फार पूर्वी सुरतेला कामाला गेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्याचा एकच निरोप यायचा, खुशाल हाय. खुशाल खुशाल म्हणता म्हणता माणूस गेला. आजारी होता, हे तिला तो गेल्यावर कळलं.

मी मुळातच घाबरट. नव्या मुलखात भाषा येत नाही, मुकादम काय ओरडतो ते कळत नाही. पण फोनवर मी मावशीला काय सांगणार? "बरं हाय मावशी. एसी हाय. जेवण मस्त हाय." व्हिडिओ कॉल करायचा तर आधी तोंड धुवायचो आणि बरी भिंत पाहून उभा राहायचो. तिने ते ओळखलं. म्हणाली, "फोनात तू दाखवशील तेच दिसते लेका. मले तो देश पाह्याचा हाय, तुही भिंत नाई."

मग ती तालुक्याला, कारंज्याला गेली आणि टीव्हीच्या दुकानात विचारलं, "दुबईकडचं च्यानल पाह्यजे." तिच्या लेखी ते सगळं दुबईकडचंच. दुकानदार म्हणाला, बाहेरदेशी भाषेचं पॅक मिळेल, पण वर्षभराचं एकदम घ्यावं लागेल, मध्येच बंद करता येणार नाही. मावशी स्टुलावरून उठली. "वर्षाचं? काहून वर्षाचं? माहं पोट्टं वर्षभर तिथी राह्यते असं तुले कोनं सांगतलं? उद्या आलं तं?" दुकानदार म्हणाला, "मावशी, आलं तरी चॅनेल चालूच राहते ना." "तेच म्हणतो मी. पोरगं घरी अन् च्यानल चालू, असं नाई चालत मले." माझा करार दोन वर्षांचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते मान्य करणारे पैसे तिला आपल्या हाताने मोजायचे नव्हते.

तिचं हे गाऱ्हाणं सलीमभाईंनी ऐकलं. ते कारंज्याचे, छत्र्या-अँटेना दुरुस्त करणारे. धनज गावात धंदा बंद केलेल्या एका केबलवाल्याकडे जुनी जाळीची छत्री गंजत पडली होती. तिच्यावर बाहेरदेशांची काही चॅनेलं फुकट दिसतात, ना पॅक ना करार, लावली तर लावली, काढली तर काढली. त्यांनी ती आणून अंगणात पाइपावर बसवली आणि पान्याने नट कसू लागले, तर मावशी आडवी आली.

"लई घट्ट कसू नोको रे बापा. काढा लागन."

"मावशी, ढिलं ठेवलं तं हवेनं हालन. चित्र फुटन."

"फुटू दे. मी धरून ठेवतो. पण पोट्टं आलं का दुसऱ्या दिवशी ही निघाली पाह्यजे."

सलीमभाई हसले आणि नट ढिले ठेवून गेले. म्हणून तो रोजचा रेटा. सलीमभाई लहानपणी मदरशात जात, त्यांना अरबी आकडे येत. त्यांनी ते कोळशाने भिंतीवर काढून दिले. "त्यांचा चार म्हंजे आपला तीन उलटा. अन् पाच म्हंजे आपलं शून्य." बातम्यांनंतर हवामानाचा नकाशा आला की मावशी भिंतीकडे पाहायची, पडद्याकडे पाहायची आणि लगेच मला फोन. "आज तुह्याकडं सत्तेचाळीस हाय. पानी पेत राह्य. अन् डोक्यावर ओलं फडकं ठेव." साइटवर माझी थट्टा व्हायची. पण उन्हात उभा राहिलो की कोणीतरी आपल्या डोक्यावरचं ऊन बसल्या जागी मोजतंय, या विचाराने माझी भीती अर्धी व्हायची.

एकदा तिचा घाबरून फोन आला. "लई धुराळा हाय तिथी. गाड्या बी दिसून नाई राह्यल्या. तोंडाले फडकं बांध." मी बाहेर पाहिलं. आभाळ स्वच्छ. दुसऱ्यांदा असंच झालं तेव्हा मी तिला फोन टीव्हीपुढे धरायला सांगितला. आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मुकादम माझ्या खांद्यावरून डोकावला आणि हसत सुटला. ते ओमानचं चॅनेल नव्हतंच. कुवेतचं होतं. कित्येक महिने मावशी दुसऱ्याच देशाचं ऊन बघून मला पाणी पाजत होती.

मला सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. तिने आधी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ती म्हणाली, "बरं. पण तिथी बी कोणाचं तरी पोट्टं असनच ना कामावर?"

"असतील मावशी. लई हायेत."

"मंग? त्याईची चौकशी कोन करून राह्यलं? झाली थोडी. काय बिघडलं?"

सलीमभाईंनी पुन्हा येऊन ओमानचं चॅनेल लावून दिलं, पण कुवेतचं काढू दिलं नाही तिने. तेव्हापासून फोनवर मला दोन देशांचं हवामान कळायचं. आधी माझं, मग "त्या पोट्ट्याईचं".

दोन वर्षं संपली आणि मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडतो तर अंगणात सलीमभाई. ढिले नट हातानेच निघाले. छत्री उतरवून उताणी ठेवली. उन्हाळा होता. मावशीने ती धुतली, जाळीवर जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या. येईल त्याला म्हणायची, "तिचं काम झालं. आता कुरडया वाळवते." मी फक्त सुट्टीवर आलो होतो. परत जाऊन पुढच्या दोन वर्षांची सही करायची होती. तिचा चेहरा पाहून माझ्या तोंडून ते निघेना.

एक दिवस ती म्हणाली, "कारंज्याच्या ठेकेदाराशी बोलली मी. टाइल्सचं काम हाय त्याच्यापाशी." तेव्हा मात्र सांगावंच लागलं. "मावशी, ते काम दिवाळीपर्यंतच राह्यते. बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय अमरावतीले. मले परत जा लागते."

ती कुरडया उलटवत होती. सगळ्या उलटवून झाल्या तरी पुन्हा त्याच उलटवू लागली. मग म्हणाली, "किती?"

"दोन वर्षाचा करार राह्यते त्याईचा."

मी निघायच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच सलीमभाईंना बोलावलं. कुरडया डब्यात गेल्या, छत्री परत पाइपावर चढली. सलीमभाई सवयीने हातानेच नट फिरवून खाली उतरायला लागले. मावशी म्हणाली, "कुठी चालला? पाना घे. या टायमाले घट्ट कस."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. पाना लोखंडावर करकरत होता आणि ती पदर तोंडाला लावून शेजारी उभी होती. तिने त्या दोन वर्षांत माझ्यावर रागावून जे काही म्हटलं असेल, त्यातलं काही मला असं लागलं नव्हतं.

ओमानला परत आल्यावर कंपनीच्या ऑफिसात मला कागद दिला. मी आठवीत शाळा सुटलेला माणूस, साहेबाने पुढे केलेल्या कागदावर मुकाट सही करणारा. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणालो, "साहब, एक साल का दो. दो साल का नहीं चाहिए." तो म्हणाला, असं कोणी मागत नाही. मी म्हटलं, "घर में एक औरत है, वो लंबा वाला नहीं लेती." त्याला काही कळलं नसेल. पण मुकादमाने शब्द टाकला आणि एका वर्षाचा कागद निघाला.

रात्रपाळी नव्हती, संध्याकाळीच फोन केला. "मावशी, एकाच वर्षाची सही केली." मला वाटलं ती काही बोलेल. ती म्हणाली, "तुह्याकडं एक्केचाळीस हाय आज. त्या पोट्ट्याईकडं त्रेचाळीस. पानी पे," आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंचा फोन आला. "अरे भाऊ, तुमच्या मावशीनं आज सकाळीच मले पाना घेऊन बोलावलं. म्हटलं, काय झालं, चित्र तं मस्त हाय. तं म्हणते, 'एक नट ढिला कर.'"