दोन थेंब इंडिकेटर
परवा येडशीच्या दवाखान्यात नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला साखर कारखान्याची प्रयोगशाळा आठवली. उसाच्या उकळत्या रसाचा गोडसर, किळसवाणा वास तिथल्या भिंतींत मुरलेला होता. मी तिथं मदतनीस होते. आमचे मुख्य केमिस्ट पांढऱ्या कोटाला रोज इस्त्री करून येत, काचेच्या भांड्यांना मात्र मीच हात लावायची. मी रसाचा नमुना घालून तयार ठेवलेल्या चंबूत त्यांनी वरच्या नळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची आणि गुलाबी रंग आला की आकडा वाचायचा. त्या रंगासाठी स्पिरिटात विरघळवलेल्या इंडिकेटरचे दोन थेंब मी आधीच टाकून ठेवते, हे ते केव्हाच विसरले होते. मला कायम करावं या अर्जावर त्यांनी शेरा मारला, ‘बाटल्या धुण्यापुरत्या ठीक.’ त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. ‘सगळं मी स्वतः करतो,’ केमिस्ट म्हणाले. मी चंबू पुढं केला, इंडिकेटर न टाकता. नळी रिकामी झाली तरी चंबू नितळच. ‘बाई, अल्कली लई पातळ केली का?’ केमिस्ट गुरकावले. ‘न्हाय सर, रोजचीच हाय.’ साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शांतपणे दोन थेंब टाकले आणि चंबू एकदम भडक गुलाबी झाला. ‘हे रोज कोण टाकतं?’ साहेबांनी विचारलं. केमिस्ट कपाळावरचा घाम पुसू लागले. महिन्याभरात माझी नोकरी गेली. वयानं राग निवळतो म्हणतात. मला मात्र त्यांच्या कपाळावरचा घाम आठवला की अजून बरं वाटतं.