संदर्भाला शैला मॅडमचं नाव

शैला मॅडम गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी बायोडेटा नीट करत बसलो होतो. बातम्यांचं पोर्टल बंद पडलं आणि सदतिसाव्या वर्षी मी पुन्हा नोकरी शोधायला लागलो. बायोडेटात सगळ्यात खाली, संदर्भाच्या जागी, म्हणजे माझ्याबद्दल कुणाला विचारायचं तिथं, मॅडमचं नाव आणि त्यांच्या घरचा लँडलाइन नंबर. पंधरा वर्षं तोच. पुसायला गेलो, पण हात धजेना. तसाच पाठवून दिला आणि मग चैन पडेना... गेलेल्या बाईच्या नावावर नोकरी मागतोय, काय माणूस आहे मी!

मनमाडहून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या नाशिकच्या एका दैनिकात होत्या. पत्रकार व्हायचंय म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला त्या चहा द्यायच्या आणि त्याच्या बायोडेटावर लाल पेन चालवायच्या. माझं 'समाजसेवेची आवड' त्यांनी लगेच खोडलं. जिथं नोकरी मागायची तो पेपर महिनाभर वाच, म्हणाल्या, आणि त्यांच्याकडून सुटलेली एक बातमी घेऊन जा. संदर्भाला माझं नाव खुशाल टाक.

"पण विचारलं तर मी खरं तेच सांगणार हं."

हे 'खरं' मला फार छळायचं. कारण पुढे त्यांच्याच दैनिकात, त्यांच्याच हाताखाली लागलो, आणि पहिल्याच महिन्यात सातपूरच्या एका कारखान्यातल्या संपाची बातमी मी ऑफिसखालच्या टपरीवर बसून लिहिली होती. मॅडमनी शांतपणे विचारलं, गेट कुठल्या रंगाचं होतं रे? मी निळं म्हणून ठोकून दिलं.

"त्याला रंगच उरलेला नाही, गंजलंय. जा, बघून ये."

बसने गेलो, आलो, पुन्हा लिहिली. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, पण दर नोकरीच्या वेळी मला तो आठवायचा. सांगितलं असेल का? विचारायचं राहूनच गेलं, आणि आता त्याची फार खंत वाटते.

परवा मुलाखत झाली. संपादक म्हणाले, तुमच्या संदर्भाला फोन केला होता. फोन मॅडमच्या मिस्टरांनी, वसंतकाकांनी उचलला होता. ती गेली, म्हणाले, पण थांबा, फोनजवळ तिची वही आहे, त्यात तिनं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय, ते वाचून दाखवतो. संपादकांनी ते उतरवून घेतलं होतं. 'एकदा न जाता बातमी लिहिली. परत पाठवलं तर गेला. तेव्हापासून न जाता लिहीत नाही. घ्या.'

खरंय का, त्यांनी विचारलं. हो म्हणून मोकळा झालो असतो... पण पोर्टलवर असताना पेठकडच्या एका पाड्यावरच्या पाणीटंचाईची बातमी मी फोनवरच उरकली होती. ते सांगितलं. कळवतो, म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

तिथून तडक वसंतकाकांकडे गेलो. फोनशेजारी वही होती, तिच्यात लाल पेन खोचलेलं. माझ्या नावापुढचं 'एकदा' मी खोडलं आणि वर 'दोनदा' लिहिलं. काकांनी चष्मा लावून वाचलं.

"आणि परत पाठवल्यावर गेला, ते तसंच ठेवू का रे?"

"राहू द्या काका. सकाळच्या गाडीनं पेठला चाललोय."