सयाजीचं ईजपाखरू

सयाजीनं ते जनावर घडवलं होतं मारण्यासाठीच. आणि नेमकं तेच कुणी करायला तयार होईना, याला काय म्हणावं?

सयाजी मलकापूरचा, फौजेत नायक, वायरलेसवर. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात डोंगरावरच्या चौकीत वीज पडली आणि त्याचा जोडीदार, लोणंदचा कृष्णात, त्याच्या डोळ्यांदेखत गेला. गोळीनं गेला असता तर राग कुणावर तरी काढता आला असता. विजेवर कसा काढायचा? मग हिवाळाभर बंकरात बसून सयाजीनं एक खेळ रचला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले शिपाई व्हायचं, वार बसला की हुकला ते कवड्या ठरवणार. आणि गोष्टीच्या शेवटी ईजपाखरू. दोन पाय, वटवाघळाचे पंख, नागाची शेपूट, तोंडातून वीज. ते त्यानं मातीचं केलं, भाजलं, निळं रंगवलं. गोष्ट सांगणाऱ्यानं जनावराच्या बाजूनं खेळायचं, हा नियमही त्याचाच. म्हणजे स्वतः मारायची सोय नाही. दुसऱ्या कुणीतरी मारावं आणि एकदा तरी ते मेलेलं आपण बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

पंचाहत्तरच्या आषाढात तो सुट्टीवर आला. महिनाभर माणसं जमेनात. एकाची भांगलण, दुसऱ्याचा ऊस. अखेर सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नागपंचमी आली. नांगर बंद, विळा बंद, सगळे रिकामे. सयाजीला वाटलं, आयती पर्वणी! बारा वर्षं पंचमीला घरी नसलेला माणूस तो, त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

सोप्यात तिघं बसले. चुलतभाऊ आप्पासो, शेजारचा अर्जुना आणि सांगलीकडून येऊन दुकान टाकलेला जैन रायगोंडा. खेळ असा रंगला की चहा निवून गेला. नदी ओलांडली, कडा चढले. आप्पासो तर उठून आरोळ्या ठोकत होता. मग सयाजीनं ईजपाखरू मधोमध ठेवलं.

आप्पासोनं कवड्या खाली ठेवल्या. "आरं, शेपूट नागाची हाय की रं."

"मग?"

"मग काय? आज पंचमी. घरात भाजी चिरली न्हाई. शिराळ्याला लोक जित्ता नाग पुजत्यात, आन् आमी तलवार मारू व्हय?"

"मातीचं हाय गड्या!"

"पुजतो त्यो नागबी मातीचाच असतुय."

सयाजीनं रायगोंडाकडं पाहिलं. त्यानं हात जोडले. "आमचं तर बाराई म्हैने न्हाईच. डोंगर चढीन, पर जीव घ्यायला सांगू नगा."

"उद्या खेळू की," अर्जुना म्हणाला.

"उद्या सकाळी माझी गाडी हाय!" सयाजी ओरडला.

ओरडणं ऐकून त्याची बायको तानुबाई बाहेर आली. तिनं ते निळं जनावर पाहिलं, आत गेली आणि हळदकुंकू घेऊन आली. सयाजी नको नको म्हणेस्तोवर जनावराच्या कपाळाला बोटं लावून, पुढं चिमूटभर लाह्या ठेवून मोकळी.

"ह्यानं कृष्णातला मारलाय!" सयाजीचा आवाज चिरकला.

"इजेनं मारला रं," आप्पासो हळूच म्हणाला. "ह्या बिचाऱ्यानं न्हवं."

सयाजीच्या मस्तकात तिडीक गेली. महिनाभर यांच्या दारात हेलपाटे घातले ते याच्यासाठी? "मारत न्हाई न्हवं? मग पाळी जनावराची," म्हणत त्यानं कवड्या उचलल्या आणि आपटल्या. अर्जुनाचा शिपाई जळाला. पुन्हा आपटल्या. रायगोंडाचा. तिसऱ्यांदा आप्पासोचा. तिघांनी एकही वार केला नाही.

"जिंकलास की रं!" आप्पासोनं हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. "लय झ्याक खेळ काढलास बग."

सयाजी हातातल्या कवड्यांकडं बघत राहिला. कृष्णातच्या वेळी निदान वीज त्यानं स्वतः टाकली नव्हती.