मॅडमचा कोपऱ्यातला

"मधल्याले नका पाहू, भाऊ. त्याले तर सारेच पाह्यतात. ह्याले पाहा." असं म्हणत मॅडम मोबाइल आडवा धरायच्या आणि स्क्रीनच्या अगदी उजव्या कडेला नख टेकवायच्या. तिथं सात कोरियन पोरांपैकी एक नाचत असायचा. केस कधी निळे, कधी राखाडी. मला सातही सारखेच दिसायचे. मी आपला "हो, चांगला नाचते" म्हणायचो. त्या मोबाइल काढून घ्यायच्या. "तुम्ही पाह्यलंच नाई."

देवळीच्या एका खासगी कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात आम्ही सोळा वर्षं समोरासमोर बसलो. त्या वरिष्ठ लिपिक, मी कनिष्ठ. पन्नाशी ओलांडलेली बाई, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी, पुलगावहून रोज एसटीनं येणं-जाणं. नवरा तिथल्याच डेपोतून रिटायर झालेला. अशा बाई तुमच्याही ऑफिसात असतील. आमच्या मॅडमच्या कानात मात्र येताना-जाताना के-पॉप, म्हणजे त्या कोरियन पोरांची गाणी, वाजत असत.

हे खूळ त्यांना भाचीच्या जुन्या मोबाइलमुळं लागलं. नागपूरची भाची दिवाळीला आली, नवा घेतला म्हणून जुना मावशीला देऊन गेली. त्यात तिची गाणी राहून गेली होती. ती कशी पुसायची हे मॅडमना जमेना, म्हणून त्यांनी ती ऐकली. "पहिले आठ दिवस डोकं दुखलं," त्या सांगायच्या. "मंग त्या गोंधळातून एक आवाज येगळा निघाला. म्हटलं, हा कोण हाय?"

तो कोपऱ्यातला होता. आपला जो सर्वांत आवडता, त्याला हे फॅन लोक 'बायस' म्हणतात, हेही मला त्यांनीच शिकवलं. अख्ख्या गाण्यात त्याच्या वाट्याला दोन ओळी यायच्या. मॅडम त्या घड्याळ लावून मोजत. "अकरा सेकंद! तीन मिनिटाच्या गाण्यात अकरा सेकंद देले त्याले. काऊन? तर कंपनीले चेहरा पाह्यजे, गळा नाई पाह्यजे." एवढ्या तावातावानं त्या कधी आपल्या थकलेल्या वेतनवाढीबद्दलही बोलल्या नव्हत्या.

गाण्याबद्दलची त्यांची मतं पक्की होती. मधेच इंग्रजी ओळी घुसवणं त्यांना पसंत नव्हतं. स्टेजवर ओठ हलवून मागं टेप वाजवणाऱ्यांना त्या पाण्यात पाहायच्या. "एवढं नाचून राह्यला अन् दम लागला नाई, तं समजाचं गाणं मशीन गाऊन राह्यली. श्वास आयकू आला पाह्यजे."

अकरावी-बारावीच्या मुली बोनाफाइड सर्टिफिकेट न्यायला खिडकीशी येत आणि मॅडमशी त्या पोरांबद्दल बोलत तासभर तिथंच उभ्या राहत. प्राचार्यांना वाटायचं, ऑफिसात किती काम आहे! एकदा मधला गायक एका मुलीबरोबर जेवताना दिसला. फोटो जगभर पसरला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी डोळे सुजवून खिडकीशी आली.

"मॅडम, धोका देला त्यानं. आम्ही रात्रंदिवस व्होट केले त्याच्यासाठी."

"तुले लगनाचं कबूल केलं होतं का त्यानं?"

"नाई."

"मंग?"

"पण तो सोताच माफी मागून राह्यला ना, मॅडम. म्हंजे चुकलंच ना त्याचं."

मॅडमनी शिक्का शाईत दाबला. "जवान पोरगा एका पोरीसंग जेवला, ही माफी मागाची गोष्ट हाय का? ज्यानं त्याले मागाले लावली, त्याले विचार. कंपनीवाले लहानपणी उचलून नेतात, धा-बारा तास नाचवतात, काय खाचं ते सांगतात, कोणासंग बोलाचं ते सांगतात. अन् तू म्हणते, त्यानं धोका देला."

"तुम्ही खऱ्या फॅनच नाई, मॅडम."

"नाई तं नाई. हे घे. वडिलाचं नाव बरोबर हाय का पाहून घे."

मग एका सोमवारी कोपऱ्यातला गटातून गेला. कंपनीचं चार ओळींचं निवेदन आलं होतं. मोबाइलनं त्याचं मराठी करून दिलं होतं, आमच्या ऑफिसातल्या मराठीसारखंच. 'प्रकृतीच्या व वैयक्तिक कारणास्तव सदर सदस्य गटातून विलग होत आहे.' मॅडमनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"हे त्यानं नाई लिहिलं."

"कायच्यावरून?"

"सव्वीस वर्षं झाले मले असे पत्र लिहू लिहू. 'वैयक्तिक कारणास्तव' आलं का समजाचं, कारण दुसऱ्याचं हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "जाऊ द्या ना, मॅडम. तो काय आपल्या नात्यातला हाय?"

"नाई," त्या म्हणाल्या आणि मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला. त्या दिवशी त्यांनी शिष्यवृत्तीचे सगळे अर्ज तपासून संपवले. त्यात एकही चूक नव्हती. रडणं, गप्प बसणं, जेवण टाकणं, असलं त्यांनी काही केलं नाही. फक्त खिडकीशी आलेल्या मुलींना "मले काही माईत नाई" म्हणून परत पाठवलं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी रसायनशास्त्राच्या बाईंचं प्रकरण झालं. मुलगी तरुण, कंत्राटावर, दुसरं वर्ष. सहावा महिना लागला होता. बाळंतपणाची रजा द्यावी लागेल, हे संस्थेच्या सचिवांच्या लक्षात आलं. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"राजीनामा टाइप करून घ्या तिचा. वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीनं. सही ती करेल."

"तिनं मागितला का, साहेब? मागितला असन तं आत्ता करून देते."

"तुम्ही फक्त टाइप करा, मॅडम."

"मंग नाई करत."

त्या बाहेर आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. पाठोपाठ सचिव दाराशी आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही करा."

मी केलं. सहा ओळी होत्या. तारीख उजवीकडं घेतली, विषयाखाली रेघ मारली, एक प्रिंट फिकी आली म्हणून दुसरी काढली. माझी दोन मुलं शिकत होती, नोकरी सोळा वर्षांची होती, ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी कारण वगैरे काही नव्हतं. सांगितलं आणि केलं, एवढंच. बाई आल्या, उभ्यानंच कागद वाचला. "सही इथं करू का, सर?" त्यांनी विचारलं. मी बोटानं जागा दाखवली.

मॅडम हजेरीपट भरत होत्या. त्या मला काहीतरी बोलतील म्हणून मी दुपारभर वाट पाहिली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा तसंही वाटलं नाही. पाच वाजता त्या नेहमीसारख्या "येते, भाऊ" म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

पुढच्याच महिन्यात त्यांची बदली संस्थेच्या कारंजा घाडगेच्या शाळेत झाली. पुलगावहून रोज जाण्यासारखं ते गाव नाही. तिथं त्यांनी एक खोली घेतली. निरोपाला आम्ही समोसे आणले होते. सचिवांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मॅडमनी नारळ घेतला, नमस्कार केला.

वर्षभरानं परीक्षेच्या कामानं मी कारंज्याला गेलो. शाळा हायवेला लागून. ट्रकांच्या आवाजात दर दोन वाक्यांनी थांबावं लागत होतं. मॅडम थोड्या वाळल्या होत्या. त्यांनी शिपायाला चहा सांगितला. मी बराच वेळ चाचरून म्हटलं, "मॅडम, तो राजीनामा..."

एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग दुसरंच बोलल्या.

"सहाच हायेत आता ते. नवीन गाणं आलं त्यायचं. पाह्यलं मी. सारे थोडे थोडे सरकून उभे राह्यतात. जागा कुठं होती, समजतच नाई." त्यांनी चष्मा पुसला. "अन् गाणं चांगलं हाय, भाऊ. मले आवडलं. त्याचंच वाईट वाटते."

मी कप खाली ठेवला. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "त्या बाईले मुलगी झाली. देवळीतच राह्यते, बसस्टँडच्या मांगं. एकदा जाऊन येजा."

"जातो," मी म्हटलं.

माझ्या घरापासून ते घर पायी सात मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. भाजी आणायला त्याच रस्त्यानं जायचो, कोपऱ्यावरून वळायचो.

गेल्या हिवाळ्यात मॅडम वारल्या. निवृत्त होऊन पुलगावला परतल्याला दोन महिनेही झाले नव्हते. सकाळी उठल्याच नाहीत. मी मातीला गेलो. त्यांच्या नवऱ्याशी माझी ओळख नव्हती. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली, एवढं आठवतं.

त्यानंतर महिन्याभरानं, एका रविवारी, मी बसस्टँडमागच्या त्या घरी गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. पुढच्या खोलीत पाच-सहा मुलं सतरंजीवर बसली होती. बाई शिकवणी घेत होत्या. चार वर्षांची एक पोरगी दारात चपला जोडीनं लावत बसली होती. तिनं माझ्याही लावल्या.

बाईंनी मला लगेच ओळखलं. "या, सर." खुर्ची पुढं केली, आतून पाणी आणलं. "मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही येसान म्हणून."

"कवा म्हणाल्या?"

"हिच्या पहिल्या वाढदिवसाले. त्या दर वाढदिवसाले यायच्या ना. आल्या का पहिले विचारायच्या, ते सर येऊन गेले का?"

"मंग?"

"मी सांगायची, नाई आले."

पाणी पिऊन मी पेला खाली ठेवला. मुलं वह्यांवर मान घालून होती, पण ऐकत होती. मी म्हटलं, "तो कागद मी टाइप केलता."

"माईत हाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. त्यांनी फळ्याजवळचा खडू उचलला आणि मुलांकडं वळून म्हणाल्या, "हं, पुढचं लिहा."