जबाबदार व्यक्तीचा रकाना

संस्थेत त्यांना सगळे फाटकवाले म्हणत. फाटक कुठे दिसत नसे. तळमजल्यावर एक थंडगार, घोंघावणारी खोली होती. तिथे माणसाच्या उंचीच्या कपाटांतून शेकडो संगणक एकत्र जुंपलेले होते, आणि संस्थेतले सगळे संशोधक आपापली अवजड गणितं त्यांच्यावर सोडत. कोणाला आत घ्यायचं, कोणाला किती वेळ द्यायचा आणि कधी बाहेर काढायचं, हे एक सॉफ्टवेअर बघायचं. त्या सॉफ्टवेअरकडे बघायचे फाटकवाले.

सॉफ्टवेअर फुकटचं होतं, पण फुकटचं म्हणून हलकं नव्हतं. त्याची ओळ न् ओळ उघडी असे. ठिकठिकाणची त्यांच्यासारखीच माणसं ती वाचत, एकमेकांशी तावातावाने भांडत आणि केलेली दुरुस्ती सगळ्यांना देऊन टाकत. फाटकवाल्यांच्याही बऱ्याच दुरुस्त्या त्यात होत्या. गृहस्थ नियमाला पक्के. एका विश्वस्ताच्या भाच्याची मुदत संपली तेव्हा त्यालाही त्यांनी बाहेर काढलं होतं आणि वर चहासुद्धा निवांत घेतला होता. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असा त्यांचा खाक्या.

अशात एक अर्ज आला. अर्जात 'कारण' असा रकाना असतो. त्यात लोक 'संशोधन' एवढं खरडून मोकळे होतात. एका महाभागाने तर नुसतं टिंब दिलं होतं. या अर्जात लिहिलं होतं, 'सर गेले, पण मी अजून इथेच आहे.'

पुरात नदीचा गाळ कुठे आणि कसा साचतो याचं गणित करणारी ही मुलगी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे सर एका कंपनीत गेले आणि जाताना खुर्चीवरची उशीसुद्धा घेऊन गेले. मुलगी तेवढी राहिली. सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक जण कुठल्या तरी प्रकल्पप्रमुखाच्या नावावर असावा लागतो. प्रमुख गेला की महिन्याभरात त्याच्या नावावरचे सगळे बाहेर, आणि मागोमाग त्यांच्या फायलीही. तिची इतक्या वर्षांची सगळी मेहनत त्या फायलींत होती.

तिने दुसऱ्या प्राध्यापकांची दारं ठोठावून पाहिली. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पण घेतलं कोणीच नाही. तिचं गणित जेवढा वेळ खाणार, तेवढा त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या वाट्यातून जाणार होता.

फाटकवाल्यांच्या हातात किल्ल्या होत्याच. गुपचूप एक ओळ बदलली असती तरी मुलगी आत राहिली असती. पण पुढच्या वेळी काय? आज ही खरी वाटली म्हणून, उद्या कोणी गोड बोललं म्हणून. सगळं त्यांच्या मर्जीवरच चालायचं तर सॉफ्टवेअर हवं कशाला! कोणाच्या मेहेरबानीवर आत राहणं त्यांना बाहेर काढलं जाण्याहून वाईट वाटे. म्हणून त्यांनी नियमच बदलायला घेतला. प्रमुख गेला तर संस्थेतला कोणीही कायम कर्मचारी वर्षभरासाठी त्याच्या जागी 'जबाबदार व्यक्ती' होऊ शकेल, आणि लागणारा वेळ सगळ्यांच्या वाट्यातून चिमूट चिमूट काढला जाईल. दुरुस्ती लिहून, तपासून त्यांनी सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या सगळ्यांपुढे मांडली.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा लांबच्या विद्यापीठातल्या, कधी न पाहिलेल्या एका बाईंनी त्या दुरुस्तीखाली लिहिलं, 'कल्पना छान आहे. पण दुसऱ्याची जबाबदारी घ्यायला पुढे येणार कोण? तुमच्याकडे आहे का असं कोणी?'

फाटकवाले जेवतानाही धुमसत होते.

"शहाणी समजते स्वतःला," ते बायकोला म्हणाले. "नियम मी केला. आता माणसंही मीच आणून द्यायची का?"

बायको इस्पितळात परिचारिका होती. तिला कण्हणं आणि कुरकुर यांतला फरक लगेच कळे. "अहो, बरोबरच विचारलंय तिने. तुम्ही कायम नोकरीतच आहात ना?"

"माझं काम दार सांभाळायचं आहे, बाई."

"माहीत आहे मला. तुमच्या सख्ख्या पुतण्याला वसतिगृहात घालताना पालक म्हणून सही हवी होती, तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी म्हणालात. सही मी केली."

फाटकवाल्यांना ते लागलं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो माणसं दुसऱ्यांच्या नावावर चढवली होती. स्वतःच्या नावावर एकही घेतलं नव्हतं. सकाळी त्यांनी त्या बाईंना उत्तर लिहिलं, 'आहे. मी.' दुरुस्ती मंजूर झाली, आणि मुदत संपता संपता मुलीच्या खात्यावर जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात त्यांचं नाव लागलं.

पंधरवडाही झाला नसेल, तिच्या गणिताने सगळ्यांची मिळून असलेली साठवणीची जागा काठोकाठ भरून टाकली. अख्ख्या संस्थेचं काम तुंबलं. फोन खणखणू लागले. अशा वेळी फाटकवाल्यांची रीत ठरलेली असे, आधी खातं बंद आणि मग चौकशी. बोट बटणापर्यंत गेलंही. पण बंद केलं असतं तर तिचं आठवडाभर चाललेलं गणित मध्येच मेलं असतं, आणि प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती.

ते उठले आणि जिना चढून तिच्या खोलीत गेले. आजवर सगळा व्यवहार ईमेलवर झालेला. तिला ते पहिल्यांदाच पाहत होते. पडद्यासमोर अगदी रडकुंडीला येऊन बसली होती.

"काका, बंद करणार ना?"

"सरक जरा. कशाने भरतंय ते आधी बघू."

दोघांनी मिळून तिच्या नको असलेल्या फायली शोधून पुसायला घेतल्या. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर संचालक आले. "अहो, सगळं ठप्प झालंय! ही मुलगी आहे तरी कोणाची?"

साहेबांच्या तोंडी लागायची फाटकवाल्यांना सवय नव्हती.

"माझी आहे, साहेब," ते म्हणाले. "अर्धा तास द्या. मग काय बोलायचं ते मलाच बोला."

फोन पालथा ठेवून ते पुढची फाइल पुसू लागले.